पुढच्या स्क्रीनला पुस्तक देऊ नका, त्याचा आयडी द्या

माझ्या ॲपमध्ये चारच स्क्रीन आहेत. वाचलेल्या पुस्तकांची यादी, एका पुस्तकाचा तपशील, टिपणं लिहायचा फॉर्म आणि टॅग निवडायची स्क्रीन. एवढ्याशा ॲपमध्ये डेटा इकडून तिकडे न्यायला कसलं डोकं लागतं, असं मला वाटलं होतं. यादीत टॅप झालं की अख्खं पुस्तक उचलायचं, एका सिंगलटनमध्ये (ॲपभर एकच असलेल्या, फक्त मेमरीत राहणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ‘निवडलेलं पुस्तक’ म्हणून ठेवायचं, तपशील उघडायचा आणि तिथून ते वाचायचं. तीन ओळींत काम फत्ते. माझ्या फोनवर ते चार महिने बिनबोभाट चाललं. मग ओळखीतल्या एका बाईंनी कळवलं, की मुखपृष्ठाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आलं, की ॲप बंद पडतं.

माझ्याकडे ते काही केल्या होईना. त्यांचा फोन जुना, मेमरी कमी. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून अँड्रॉइड मागे पडलेल्या माझ्या ॲपची प्रोसेसच, म्हणजे मेमरीत चालू असलेलं अख्खं ॲपच, मारून टाकत होतं. त्या परत आल्या की प्रोसेस नव्याने सुरू व्हायची. नॅव्हिगेशनचा बॅक स्टॅक, म्हणजे उघडलेल्या स्क्रीनची चळत, सिस्टिमने जपून ठेवलेला असतो, त्यामुळे थेट तपशीलाचीच स्क्रीन उभी राहायची. सिंगलटन मात्र कोरा. नल (म्हणजे काहीच नाही), आणि क्रॅश.

हे घरच्या घरी घडवून आणायचं तर डेव्हलपर ऑप्शन्समधल्या ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’वर विसंबू नका. मी आधी तेच केलं आणि फसले. त्यात ॲक्टिव्हिटी (ॲपची खिडकी दाखवणारा भाग) मरते, प्रोसेस जिवंत राहते, म्हणजे सिंगलटनही शाबूत, आणि सगळं छान चालल्यासारखं दिसतं. रिसेंट्समधून ॲप वर सरकवून टाकलं तरी उपयोग नाही. तिथे जुनी स्टेटच टाकून दिली जाते आणि ॲप पहिल्या स्क्रीनपासून सुरू होतं. खरी चाचणी अशी: तपशीलावर असताना होम बटण दाबा, टर्मिनलमध्ये ‘एडीबी शेल एएम किल’ आणि पुढे ॲपचं पॅकेज नाव द्या, मग रिसेंट्समधून ॲप परत उघडा. माझं पहिल्याच फटक्यात कोसळलं.

आता दुरुस्ती. मी जेटपॅक कंपोझ (कोटलिन भाषेत अँड्रॉइडच्या स्क्रीन लिहायचं साधन) वापरते. नॅव्हिगेशन लायब्ररीच्या २.८ आवृत्तीपासून (२०२४) राऊट, म्हणजे स्क्रीनचा पत्ता, म्हणून साधा कोटलिन क्लास देता येतो. ‘तपशील’ नावाचा डेटा क्लास करायचा, त्यावर सीरियलायझेबलचं ॲनोटेशन लावायचं आणि आत एकच फील्ड ठेवायचं: पुस्तकाचा आयडी, लाँग (मोठा पूर्णांक) प्रकारचा. यादीत टॅप झालं की स्क्रीन बदलणाऱ्या नॅव्हकंट्रोलरच्या नॅव्हिगेटला ‘तपशील(४२)’ असा ऑब्जेक्ट द्यायचा. पलीकडे व्ह्यूमॉडेलच्या (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये सेव्ह्डस्टेटहँडल (प्रोसेस मेली तरी टिकणाऱ्या किंमतींची छोटी पिशवी) मागायचा, त्यावर टूराऊट चालवलं की ४२ हातात येतो. तो घेऊन डेटाबेसमधून पुस्तक मागवायचं. प्रोसेस मेली तरी ४२ टिकतो, कारण तो बॅक स्टॅकबरोबर जपला जातो. पुस्तक तर डेटाबेसमध्ये होतंच.

जुना कोड असेल तर राऊट ही स्ट्रिंग असते आणि तिथे एक खड्डा आहे. मी एका ठिकाणी आयडीऐवजी टॅगचं नावच राऊटमध्ये चिकटवलं होतं. कुणीतरी ‘कथा/कविता’ असा टॅग केला आणि टॅप करताच ॲप गळपटलं: या राऊटचं ठिकाण सापडत नाही म्हणे. मधली तिरकी रेघ नॅव्हिगेशनने पत्त्याचा पुढचा टप्पा समजली होती. यूआरआय एन्कोड करून भागतं, पण मुळात माणसाने टाइप केलेला मजकूर राऊटमध्ये कशाला?

अख्खा ऑब्जेक्ट पार्सल करून, म्हणजे बाइट्समध्ये गुंडाळून, पाठवला तर काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. पहिलं म्हणजे ती प्रत असते. फॉर्ममध्ये नाव बदललं, जतन केलं, मागे आलं, की तपशीलात जुनंच नाव. मग ते ताजं करायला आणखी कोड. दुसरं, आकार. हे सगळं सिस्टिमकडे बाइंडरमधून (अँड्रॉइडमधल्या प्रोसेस एकमेकींशी ज्यातून बोलतात त्यातून) जातं आणि त्याचा बफर जेमतेम १ एमबीचा, तोही त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसच्या सगळ्या व्यवहारांत वाटलेला. त्यात मुखपृष्ठाचा बिटमॅप कोंबला की अँड्रॉइड ७ पासून सरळ ‘ट्रँझॅक्शन टू लार्ज’चं एक्सेप्शन येतं. गंमत म्हणजे कंपोझमध्ये ते स्क्रीन बदलताना येत नाही, ॲप मागे गेल्यावर स्टेट जपताना येतं, त्यामुळे क्रॅशच्या लॉगवरून दोषी स्क्रीन कोणती ते कळत नाही. फोटो फाइलमध्ये ठेवा आणि त्याचा यूआरआय पाठवा.

हे दुखणं फक्त अँड्रॉइडचं नाही. रिॲक्ट नेटिव्हच्या ॲपमध्ये स्क्रीन बदलणाऱ्या रिॲक्ट नॅव्हिगेशनमध्येही पॅराम्स (स्क्रीनला दिलेल्या किंमती) जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, मावतील असेच ठेवायचे असतात. फंक्शन पाठवलंत तर ते सीरियलाइझ होत नसल्याची (मजकुरात बदलून साठवता येत नसल्याची) पिवळी कुरकुर करतो. ती दाबून टाकू नका.

उलट दिशेने डेटा आणायचा तर आधी स्वतःला विचारा, खरंच आणायचा आहे का? फॉर्ममधलं टिपण डेटाबेसमध्ये जतन होतं आणि तपशीलाची स्क्रीन रूम या डेटाबेस लायब्ररीचा फ्लो (बदल झाला की नवी किंमत देणारा प्रवाह) ऐकत असते. मागे येईपर्यंत नवं टिपण तिथे हजर असतं, काही परत करावं लागत नाही. माझा निम्मा ‘निकाल परत पाठवा’ कोड असाच उडाला. उरलं ते टॅगचं. निवडलेला टॅग अजून कुठे जतन झालेला नसतो, फॉर्मला तो फक्त कळायला हवा. त्यासाठी टॅगच्या स्क्रीनवरून नॅव्हकंट्रोलरच्या प्रीव्हियसबॅकस्टॅकएंट्रीचा सेव्ह्डस्टेटहँडल घ्यायचा, त्यात टॅगचा आयडी ठेवायचा आणि पॉपबॅकस्टॅक करायचं. फॉर्म आपल्या एंट्रीच्या हँडलमधून गेटस्टेटफ्लोने तो ऐकतो.

ऐकून झाल्यावर ती किंमत पुसायला विसरू नका. मी विसरले होते. टॅग निवडला की खाली ‘टॅग जोडला’ अशी पट्टी यायची. नंतर फोन आडवा केला की पुन्हा ‘टॅग जोडला’, उभा केला की पुन्हा. हँडलमधली किंमत रोटेशनला टिकतेच, तेच तर तिचं काम. फॉर्म नव्याने रचला गेला की त्याला ती ताजी बातमी वाटते. वाचली, वापरली, की तिथेच नल करायची.

फ्लटर या ॲप लिहायच्या दुसऱ्या साधनात हा भाग सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवं. नॅव्हिगेटरचा पुश फ्यूचर (नंतर मिळणारं उत्तर) देतो, त्यावर अवेट लावून थांबायचं, पलीकडून पॉप करताना किंमत द्यायची. फक्त माणसाने नुसतं बॅक दाबलं तर नल येतो, तेवढा धरून चाला.

फॉर्म तीन-चार पायऱ्यांचा असेल तर अर्धवट भरलेला मजकूर पायरीगणिक राऊटमधून ढकलत बसू नका. त्या स्क्रीन एका नेस्टेड ग्राफमध्ये (नॅव्हिगेशनमधल्या स्क्रीनच्या आतल्या गटात) घालून ग्राफच्या एंट्रीला बांधलेला एकच व्ह्यूमॉडेल सगळ्यांना द्या. ग्राफमधून बाहेर पडलं की तो आपोआप जातो. व्ह्यूमॉडेल रोटेशनला टिकतो, प्रोसेस मेली की जातो, म्हणून टाइप केलेला मजकूर त्याच्याही सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये ठेवावा लागतो.

आयडी पाठवायला लागल्यावर एक नवी भानगड येते: त्या आयडीचं पुस्तक नसलंच तर? दरम्यान ते डिलीट झालेलं असू शकतं. मी म्हटलं सोपं आहे, पुस्तक नल असेल तर मागे जा. त्या दिवशी कुठल्याही पुस्तकावर टॅप केलं की तपशील क्षणभर चमकायचा आणि यादी परत यायची. फ्लोची सुरुवातीची किंमत नलच होती! डेटाबेसने उत्तर द्यायच्या आधीच स्क्रीन स्वतःला मिटून घेत होती. आता ‘येतंय’, ‘मिळालं’ आणि ‘नाही’ अशा तीन वेगळ्या स्टेट आहेत, आणि मागे जाणं फक्त ‘नाही’ला होतं.