गोव्यात राहून आघाड्या शिकताना

हवामानशास्त्राच्या पहिल्या सत्रात मला सगळ्यात जास्त छळलं ते आघाड्यांनी, म्हणजे फ्रंट्सनी. थंड आणि उबदार हवा जिथे भिडते ती सीमा म्हणजे आघाडी. नकाशावर निळे त्रिकोण शीत आघाडीचे, लाल अर्धवर्तुळं उष्ण आघाडीची, हे पाठ होतं. डोळ्यांसमोर मात्र काही येत नव्हतं. येणार कुठून? पणजी जेमतेम साडेपंधरा अंश उत्तरेला. इथे शेजारशेजारच्या हवेच्या तापमानात फार तफावत नसते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा वळवणारा कोरिऑलिस प्रभावही कमी. पुस्तकातली आघाडी इथे तयारच होत नाही.

तोंडी परीक्षेत मी ठासून सांगितलं, मॉन्सूनचं आगमन म्हणजे शीत आघाडी. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मग आघाडीच्या मागची थंड हवा आली कुठून?" मी गप्प. जूनमध्ये पारा उतरतो तो ढगांमुळे आणि पावसामुळे. नकाशावरची मॉन्सूनची उत्तर सीमा म्हणजे तो कुठवर पोचला ते दाखवणारी रेषा, आघाडी नव्हे. ही गल्लत तुम्ही करू नका.

आघाडी मला खरी कळली मिरामारच्या किनाऱ्यावर. मार्चच्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो. जमीन तापली की वारा फिरतो, समुद्राकडून येऊ लागतो. ऊन तेवढंच, तरी पारा चढायचा थांबतो, अंग चिकट होतं. खाऱ्या वाऱ्याची ही पुढची कड म्हणजे छोटी आघाडीच: जड हवा हलक्या हवेखाली पाचरीसारखी घुसते. मोठ्या शीत आघाडीतही हेच होतं, फक्त ती शेकडो किलोमीटर लांब असते. उष्ण आघाडीत उबदार हवा मागे सरणाऱ्या थंड हवेवर हळूहळू चढते, म्हणून पाऊस रेंगाळणारा. शीत आघाडी वेगवान. ती उष्ण आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, यालाच ऑक्लूजन म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब बिर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 पासून मांडत नेलेलं हे चित्र आजही शिकवलं जातं.

पाठांतरापेक्षा वही ठेवा. दाबोळी विमानतळाच्या मेटार नोंदींत (विमानतळावरून ठरावीक वेळाने दिल्या जाणाऱ्या हवामानाच्या नोंदी) वारा कधी फिरला ते रोज लिहा. हिवाळ्यात शेजारच्या रकान्यात आयर्लंडच्या शॅनन विमानतळाच्या नोंदी ठेवा. तिथे दाब उतरत जातो, मग वारा नैऋत्येकडून वायव्येकडे वळतो, तापमान घसरतं आणि दाब पुन्हा चढू लागतो. एकदा मी या नोंदींवरून पेन्सिलने निळी रेषा ओढली आणि मगच प्रसिद्ध झालेला नकाशा उघडला. माझी रेषा थोडी पूर्वेला सरकली होती, पण आघाडी तिथे होती.