जग कशानं बिघडलंय हे आपल्याच घरात कसं शोधायचं

पारावर बसलं की आमच्याकडं एकच विषय. जग लई बिघडलं, पाऊस टायमावर नाही, पोरं ऐकत नाहीत, भावाला भाऊ ओळखत नाही, आणि मग कोणीतरी तंबाखू मळत म्हणणार, कलियुग आहे बाबा. झालं, तिथं विषय संपला. मला ह्या कलियुगाचा फार राग येतो कारण एकदा ते नाव घेतलं की गावात कुणाचंच काही चुकलेलं नसतं. म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत बसवलीय, तीन वर्षं झाली, ती सांगतो. मी महाराज वगैरे कुणी नाही, माळकरी आहे तेही अर्धामुर्धा, एकादशीला कॉफी चालती का म्हणून विचारणारा.

आधी निवडानिवड करा. सगळ्याच त्रासाला अध्यात्मिक कारण नसतं आणि हे आधी नाही ठरवलं तर पुढचं सगळं वाया. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री लोकं गणपती बोळवून येऊन झोपलेली. ते कुणाच्या पापानं झालं नाही. जमीन हलली आणि माती-दगडाच्या जाड भिंती अन् वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं, एवढंच. तिथं घर कसं बांधायचं हा प्रश्न आहे, कर्म काय केलं हा नाही. तसंच लेकराला ताप आला तर दवाखाना. घरात कुणी महिना महिना झोपत नाही, बोलत नाही, जीव नको म्हणतंय तर त्याला हरिपाठाला बसवून मोकळं होऊ नका, १४४१६ वर फोन लावा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, नाहीतर सरळ डॉक्टर गाठा. आणि कुणी बाबा पितृदोष सांगून शांतीचे पैसे मागायला लागला तर उठून या, जादूटोण्याच्या विरोधात आपल्याकडं २०१३ पासून कायदा आहे.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते आपलं काम.

वही घ्या. नवी आणू नका, नवी आणली की तिच्यात छान छान लिहावं वाटतं. माझी डेअरीच्या हिशोबाची आहे, पुढून दूध आणि फॅट, मागून हे. रात्री जेवण झालं की दिवसभरात ज्यानं डोकं फिरलं ती एकच गोष्ट लिहायची, आणि मग उलटं चालत जायचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ असे दोन श्लोक आहेत, त्यात साखळी दिलीय, की माणूस एखाद्या गोष्टीचं चिंतन करत बसतो, त्यातून ओढ लागते, ओढीतून हाव, हाव अडली की राग, रागातून भुरळ, मग आठवण जाते, मग बुद्धी जाते आणि मग माणूसच जातो. कीर्तनात हे वरून खाली सांगतात. आपण खालून वर चढायचं, कारण आपल्याला सापडतो तो राग, बाकीचं सगळं झाकलेलं असतं.

माझंच सांगतो. तीन वर्षांमागं, मे महिना, संध्याकाळी धाकट्या पोरानं ताटाला पाय लावला म्हणून मी त्याला असा धपाटा घातला की आई ओट्यावरून म्हणली, ताटाचं नव्हं हे. त्या रात्री लिहिलं, राग आला. कशाचा? ताटाचा नाही. दुपारी बोअर मारला होता तिसरा, ७२० फुटापर्यंत गेलो आणि वर निस्ता धुरळा, गाडीवाला फुटावर पैसे मोजून घेऊन गेला. बरं, बोअर का मारला? पाण्यासाठी म्हणावं तर आधीच्या एका बोअरला दीड-दोन तास पाणी होतं, सोयाबीन अन् हरभरा त्यावर निघत होता. तर मारला कशासाठी, ऊस लावायचा होता. ऊस का? आणि इथं मी पेन खाली ठेवलं, दोन दिवस पुढं लिहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं. बांधापलीकडं चुलत भावाला, म्हणजे दाद्याला, पाणी लागलं होतं अन् त्यानं मोटर चालू केल्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, तो मी दिवसात चारदा पाहिला. चिंतन म्हणजे आणखी काय असतंय हो! पाणाड्याला, म्हणजे जमिनीत पाणी कुठं ते सांगणाऱ्याला, नारळ घेऊन मीच बोलावलं होतं आणि त्यानं जागा दाखवली तीही बांधाला चिकटून, मला तेच ऐकायचं होतं.

म्हणजे षड्रिपूंमधला मत्सर. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी सगळ्यांना पाठ आहे पण वहीत 'मत्सर' असा शब्द लिहून भागत नाही, 'दाद्याचा व्हिडिओ चारदा पाहिला' असं लिहावं लागतं. मोठे शब्द आले की समजा आपण चुकवायलोय.

आता हाच हिशोब मोठा करून बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. पाऊस कमी पडला हे खरंच, त्यात आपला हात नाही. पण त्याच दुष्काळी भागात ऊस होता, तो काय आभाळातून पडला नव्हता. भाव ठरलेला, कारखाना नेतोय, दुसऱ्या पिकाला कुणी वाली नाही, ही कारणं खरी आहेत आणि त्याला सरकारशी भांडलंच पाहिजे. तरी त्या कारणांच्या खाली माझा बोअर आहे, आणि माझ्यासारखे हजारो बोअर, एकमेकांकडं बघून मारलेले.

वहीचा एक घोटाळा आहे, माणूस स्वतःशीच लबाडी करतो. म्हणून एक थापटणारा लागतो. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची कथा सांगतात ना, संत जमलेले आणि काकांनी मडकं ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलं, मडकं कच्चं का पक्कं बघायला. नामदेवांना राग आला अन् तेच कच्चे निघाले. पुढं ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, त्यांना गुरू केलं. आता नरसीचे नामदेव कच्चे निघू शकतात तर आपलं काय. थापटणारा निवडताना ज्याला आपल्याकडून काही नको आहे असा निवडा. भावकीतला नको, उधारी असलेला नको. माझ्याकडं आई आहे, फार जोरात हाणती.

मग करायचं काय? एकनाथांनी विंचवाच्या भारुडात काम-क्रोधालाच विंचू केलंय आणि उतारा सांगितलाय की तमोगुण मागं सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. (खरा विंचू चावला तर दवाखानाच, वर सांगितलंय.) हा अंगारा रोजच्या भाषेत म्हणजे 'पुरे' कुठं ते आधी आकड्यात लिहून ठेवणं. मोघम पुरे चालत नाही. मी लिहिलंय, उसाखाली शून्य, बोअर नवा नाही, बहिणीच्या पोरीच्या लग्नात आहेर एवढाच आणि डीजेला एक रुपया नाही. आकडा हाव सुटायच्या आधी लिहायचा, मंडपात बसून नाही. आणि एकादशीला साबुदाण्यासोबत स्टेटस पण बंद, पोट भरून खिचडी खाऊन दिवसभर लोकांच्या गाड्या बघत बसायचं ह्याला उपास म्हणत नसतात.

सप्ताहाचं काय म्हणाल तर जा, मी पण जातो, पण तिथंही आता शेजारच्या गावाहून मोठा महाराज आणायची चढाओढ लागलीय, मग घरी येऊन वहीत तेही लिहा.

पहिले पंधरा दिवस काही सापडणार नाही, बायको चिडली, लाईट गेली, असलंच येईल. लिहीत राहा. दुसऱ्याची वही मात्र आपण लिहायची नाही, कुणाच्या घरात वाईट झालं की त्यांच्या कर्माचं मूळ शोधायला पारावर बरेच जण बसलेले असतात, तुम्ही नका बसू.

आणि हो, कोरडा बोअर असेल तर त्याचं तोंड आजच पक्कं झाका, लेकरं खेळतात. माझ्या केसिंगवर झाकण बसवायला दाद्याच आला होता, वेल्डिंग मशीन त्याच्याकडंच आहे. व्हिडिओचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. काल वहीत लिहिलंय, सांगायचं राहिलं.