जट काढताय? या चुका टाळा

जट कापायला अर्धा तास पुरतो. कापायची असं ठरवायला मात्र कुणाला पाच वर्षं लागतात, कुणाला पंचवीस. म्हणून यातल्या बहुतेक चुका कात्री चालवताना होत नाहीत, त्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या महिना-दोन महिन्यांत होतात.

सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात यल्लम्मा देवीच्या नावानं जट वागवणाऱ्या बाया अजून दिसतात. त्या सगळ्या जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या देवदासी, नसतात. विड्या वळणाऱ्या, गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या संसारी बायाही त्यांत असतात. बाळंतपणात किंवा लांबलेल्या तापात पंधरा दिवस विंचरणं झालं नाही, मागच्या बाजूला गुंता धरला, घरातल्या कुणी तरी ‘देवी आली’ म्हटलं, भंडारा लावला आणि त्या दिवसापासून फणी बंद.

यातली पहिली चूक म्हणजे जुनी जट सोडवत बसणं. खोबरेल तेलाची बाटली रिकामी करायची, शाम्पू ओतायचा, दोघींनी दोन बाजूंनी ओढायचं आणि तासाभरानं रडारड. केसाच्या दांडीवर सूक्ष्म खवले असतात. घर्षणानं ते एकमेकांत अडकतात, त्यावर तेल, धूळ, हळद बसते. शिवाय माणसाच्या डोक्यातले साधारण ५० ते १०० केस रोज गळतात. विंचरणाऱ्या बाईचे ते फणीत येतात, जट असलेल्या बाईचे तिथंच अडकून राहतात आणि गुंत्याला घट्ट करत जातात. दहा वर्षांची जट म्हणजे घोटून घट्ट झालेली घोंगडी, त्यातून एकेक धागा सुटा निघत नाही. डॉक्टर या अवस्थेला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणतात. पूर्वी पोलंडमध्येही ती पुष्कळ दिसायची आणि तिथंही लोक कापायला घाबरायचे. म्हणजे ही भीती काही आपल्याच मातीतली नाही.

दोन-चार आठवड्यांचा गुंता असेल तर गोष्ट वेगळी. भरपूर कंडिशनर किंवा तेल लावून, टोकाकडून वर येत, रुंद दातांच्या कंगव्यानं तो सुटतो. मुळाकडून सुरुवात केली तर आणखी आवळतो.

दुसरी चूक मला सगळ्यांत वाईट वाटते. ती म्हणजे बाईचं मन तयार नसताना कापणं. लेक शिकली, पुण्याला नोकरीला लागली, दिवाळीला आली आणि ‘आई, आता पुरे’ म्हणत कात्री घेऊन उभी राहिली. हेतू कितीही चांगला असला तरी अशी कापलेली जट मनातून जात नाही. एखादी बाई सरळ विचारते, “काय वाईट झालं तर तुमी येनार का बघाला?” या प्रश्नावर विज्ञानाचं भाषण देऊ नका. ‘हो, येणार, हा माझा नंबर’ असं सांगा आणि खरंच या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट काढण्याआधी बाईशी आणि घरच्यांशी पुन्हा पुन्हा बोलतात ते याचसाठी. समितीच्या पुण्यातल्या नंदिनी जाधव यांनी गावोगावी जाऊन शेकडो बायकांच्या जटा अशाच काढल्या आहेत. ज्या बाईची जट आधी निघाली आहे तिला बोलवता आलं तर फारच बरं. आपण दोन तास बोलून जे होत नाही ते तिच्या नुसत्या विंचरलेल्या डोक्याकडे बघून होतं.

इथंच एक उपचूक सांगून टाकतो. जट आणि श्रद्धा एकाच दिवशी काढायला जाऊ नका. कापण्याआधी तिला भंडारा लावायचा असेल, देवीची ओटी भरायची असेल, तर भरू द्या. मंगळवार-शुक्रवार नको म्हणाली तर बुधवार धरा. मात्र ‘जट उतरवायची म्हणजे बोकड द्यावा लागतो, एवढे हजार लागतात’ असं सांगणारा कुणी मध्ये आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दिवस निवडताना व्यवहार बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत यल्लम्माच्या दर्शनाला कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर जाणं-येणं चालू असतं, घरात पाहुणे असतात, प्रत्येकाला मत असतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, लग्न तोंडावर असेल, तर थोडं थांबा. (तसं बघत बसलं तर आपल्याकडे बारा महिने अडचणच. श्रावण आहे, पितृपंधरवडा आहे, अधिक मास आहे. तिला चालतो तो दिवस चांगला.) एप्रिल-मे टाळता आले तर टाळा, कारण पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष कापणं. बरेच केशकर्तनालयवाले जटेला हात लावत नाहीत. त्यांनाही भीती वाटते, त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. घरीच करा. घरातली कागद कापायची कात्री चालत नाही, ती अडकते, मग ओढाताण होते आणि बाईला वाटतं देवीच अडवतेय. शिलाईकामाची मोठी, धार लावलेली कात्री आणा. सोलापुरात ती गल्लीगल्लीत मिळते. आदल्या दिवशी डोकं भिजवू नका. ओली जट फार जड होते, आतून दिवसभर वाळत नाही आणि केस कापायचं मशीन तिच्यावर चालत नाही.

टाळू आणि जट यांच्यामध्ये बहुतेक वेळा नवीन वाढलेले, न गुंतलेले केस असतात, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. बोटांनी ती फट शोधा. फटीत कंगवा आडवा सरकवा आणि कंगव्याच्या वरूनच कापा. कंगवा टाळूचं रक्षण करतो. फट नसेल तर टाळूला चिकटून कापायची घाई करू नका. वर दोन बोटं ठेवून कापा, उरलेलं मशीननं बारीक करता येतं. एक मोठी जट एका झटक्यात कापण्यापेक्षा उभी दोन-तीन भागांत चिरून घेतली तर हात सुटा राहतो. कापताना दुसऱ्या कुणी तरी जटेचं वजन तळहातावर तोलून धरावं, म्हणजे मुळांवर ओढ बसत नाही. केस मेलेला असतो, त्यातून रक्त येत नाही. हे आधीच, मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांसमोर सांगा. कात्री लागून टाळूला जरा खरचटलं तरी ‘जटेतून रक्त आलं’ ही बातमी संध्याकाळपर्यंत विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, पोचते.

शक्यतो टक्कल करू नका. चार बोटं केस राहिले तरी बाई दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन कामाला जाऊ शकते. आपल्याकडे मुंडण कशाशी जोडलेलं आहे ते तिला माहीत असतं.

आत काय निघेल त्याची तयारी ठेवा. उवा, लिखा, कोंडा, ओलसर वास, कधी पिकलेले फोड. तोंड वाकडं करू नका, तिला त्याची आधीच लाज वाटत असते. उवांसाठी एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. ते दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण अंड्यातून नंतर निघणाऱ्या उवा पहिल्या खेपेत मरतातच असं नाही. रॉकेल अजिबात लावू नका. फोडांतून पू येत असेल किंवा मानेमागे गाठी लागत असतील तर सिव्हिलला त्वचारोगाच्या ओपीडीत केसपेपर काढा. मानेमागच्या गाठी बहुतेक वेळा टाळूवरच्या जंतुसंसर्गानं येतात, पण डॉक्टरांनी बघितलेलं बरं.

फोटोबद्दल एकच वाक्य. तिनं स्वतःहून सांगितल्याशिवाय ‘आधी आणि नंतर’चे फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नयेत, मग ग्रुप कितीही पुरोगामी असो.

कापलेल्या जटेचं काय करायचं, हा प्रश्न ऐनवेळी निघतो आणि तिथं वाद होतो. तेव्हा आधीच ठरवा. कुणाला ती पुरायची असते, कुणाला जाळायची, कुणाला भीमेत सोडायची. माझा कल पुरण्याकडे आहे. जाळताना केसांतल्या गंधकामुळे भयंकर वास सुटतो, तो वासही मग अपशकुन ठरतो, आणि नदीत आधीच पुष्कळ काही चाललंय. पिशवीत बांधून माळ्यावर ठेवणं मात्र नको. तिथं किडे होतात, आणि घरात कुणी शिंकलं तरी सगळ्यांची नजर माळ्याकडे जाते.

आता त्या अवघड महिना-दोन महिन्यांकडे येऊ. जट काढल्यावर तिसऱ्या दिवशी नातवाला ताप आला तर? येणारच. पाच-सहा माणसांच्या घरात महिन्यात कुणी ना कुणी आजारी पडतंच, जट असो वा नसो. चूक अशी होते की याची चर्चा आजार आल्यावर होते. ती कापण्याआधी करा. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर, नणंदेची साखर, पोराचा दमा, असलेली सगळी दुखणी एका कागदावर तारीख घालून लिहा आणि देवघरात ठेवा. नंतर काही झालं तर तो कागद काढता येतो. ताप आला की अंगारा लावून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि ज्यानं नंबर दिला होता त्यानं सोबत जावं.

खुद्द बाईलाही सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. मान हलकी लागते, तोल गेल्यासारखा वाटतो, झोपताना उशी कुठं घ्यावी कळत नाही. वर्षानुवर्षं वजन ओढलं गेल्यानं कपाळाकडचे किंवा कानामागचे केस गेलेले असतात. काहींचे काही महिन्यांत परत येतात. जिथली मुळंच मेली आहेत तिथं येत नाहीत, म्हणून ‘सगळे केस पहिल्यासारखे होतील’ असं वचन देऊ नका. उघडी पडलेली टाळू नाजूक असते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात ती भाजून निघते. सुती पदर, उपरणं, काहीच नसेल तर आपला सोलापुरी टॉवेल आहेच.

एका चुकीबद्दल फार कमी बोललं जातं. जोगतिणीची जट ही तिची ओळखही असते आणि रोजीरोटीही. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन फिरल्यावर पदरात पडणारा जोगवा जटेकडे बघून पडतो. जट गेली की दारं मिटतात, आणि ज्यांनी टाळ्या वाजवून जट काढली ते तोवर पुढच्या गावाला गेलेले असतात. केस वाढवून, अंगावर आसूड ओढत पोट भरणाऱ्या पोतराजाचंही हेच. कामाची सोय जट काढण्याच्या आधी बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत देवदासींचा समावेश आहे. अर्ज तहसील कार्यालयात होतो आणि कागदपत्रं गोळा करायलाच वेळ जातो, तेव्हा ते काम आधी सुरू करा. डोक्यावर जट आहे की नाही याचा त्या अर्जाशी काही संबंध नाही.

लहान मुलीच्या डोक्यात गुंता दिसला आणि घरात ‘देवीला सोडू’ अशी कुजबुज सुरू झाली, तर वाट बघण्यात वेळ घालवू नका. कर्नाटकात १९८२ च्या आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं देवदासी म्हणून सोडणं गुन्हा आहे. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.

शेवटी पुन्हा जट धरण्याची भीती. वर्षभरानं, केस खांद्याला टेकले की, मागच्या बाजूला बारीक गुंता येतोच, कारण वीस वर्षांत विंचरायची सवयच मोडलेली असते. रात्री झोपण्याआधी रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून विंचरून सैल वेणी घालायची. आठवड्यातून दोनदा साध्या शाम्पूनं धुवायचे, डोक्यावर केसांचा गोळा करून चोळायचं नाही. आणि बाई आजारी पडली, बाळंतीण झाली, दवाखान्यात भरती झाली, तर त्या दिवसांत तिचे केस कोण विंचरणार ते घरात आधीच ठरवून ठेवा.