पॅनोरॅमिक सनरूफला उष्णतारोधक फिल्म लावताना या चुका टाळा

दारांच्या काचांना फिल्म लावण्यात हात बसलेला कारागीरही पॅनोरॅमिक सनरूफवर, म्हणजे गाडीच्या छतावरील मोठ्या काचेवर, फसू शकतो, कारण ही काच आडवी, मोठी आणि किंचित बाकदार असते, आणि सारे काम मान वर करून करावे लागते. तरीही सर्वांत महागात पडणाऱ्या चुका चिकटवताना होत नाहीत. त्या आधीच, काच न ओळखता फिल्म निवडताना होऊन गेलेल्या असतात.

पहिली चूक म्हणजे गडद फिल्म अधिक गारवा देते असे मानणे. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते आणि ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे फिल्मच्या काळेपणावरून तिची उष्णता रोखण्याची क्षमता ठरवता येत नाही. अवरक्त किरण नव्वद टक्क्यांहून अधिक रोखण्याचा दावाही तपासून घ्यावा. अशी टक्केवारी अनेकदा एखाद्याच तरंगलांबीवर मोजलेली असते, तर सूर्यप्रकाशातील अवरक्त पट्टा साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो. म्हणून विक्रेत्याकडे टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के ऊर्जा रोखली जाते, हा आकडा मागावा. धातूचा थर असलेली फिल्म जीपीएस आणि मोबाइलच्या सिग्नलला अडथळा आणू शकते. धातूऐवजी सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेल्या सिरॅमिक फिल्ममध्ये ही अडचण सहसा येत नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न काचेच्या प्रकाराचा आहे. आतून लावलेली आणि उष्णता परावर्तित करण्याऐवजी शोषणारी फिल्म काचेचे तापमान वाढवते. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेल्या कडा त्या मानाने थंड राहतात आणि या फरकाचा ताण कडांवर येतो. टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच हा ताण बऱ्यापैकी सोसते. पण लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेच्या कडेला आधीच बारीकसा टवका उडालेला असेल, तर तेथूनच तडा जाऊ शकतो. काही सनरूफच्या आतल्या बाजूला कारखान्यातच उष्णतारोधक लेप दिलेला असतो आणि त्यावर ब्लेड फिरवले की तो कायमचा खरवडला जातो. काचेच्या कोपऱ्यातील, तिचा प्रकार सांगणारा शिक्का आणि वाहनाची पुस्तिका पाहिल्याशिवाय, तसेच वॉरंटीच्या अटी व स्थानिक नियम वाचल्याशिवाय रोल उघडू नये.

बाकदार काचेसाठी फिल्म आतून चिकटवण्याआधी काचेच्या बाहेरील बाजूस पसरून हीट गनने आकसवून घ्यावी लागते. फिल्म मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेने आकसते, रुंदीच्या दिशेने फारच कमी. त्यामुळे जादा भागाच्या घड्या रोलच्या लांबीला आडव्या राहतील अशा बेताने ती पसरावी. दिशा चुकली, तर कितीही उष्णता दिली तरी घडी बसत नाही आणि अखेर तेथे कायमची सुरकुती राहते. हीट गन एका जागी रोखून धरू नये, कारण त्याने फिल्म करपते आणि काचेवरही अकारण ताण येतो.

स्वच्छता करताना कडांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. रबरी पट्ट्यांना लावलेले सिलिकॉनयुक्त वंगण काचेवर उतरते आणि त्याचा पुसटसा थर राहिला, तरी कडा काही दिवसांत सुटू लागतात. फिल्म रबराखाली खोचू नये, कडेपासून १ ते २ मिलिमीटर जागा सोडावी. सरकणाऱ्या काचेवर तर हे अंतर अत्यावश्यक आहे. कापताना रबराला चीर पडली, तर पुढे गळती ठरलेलीच. आत फवारलेले साबणाचे पाणी थेट छताच्या अस्तरावर, दिव्यांच्या बटणांवर आणि मायक्रोफोनवर ओघळते, म्हणून या जागा प्लॅस्टिक व टॉवेलने झाकूनच काम सुरू करावे. फिल्मचे कापलेले तुकडे सनरूफच्या चरांत पडू देऊ नयेत. निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पावसाचे पाणी गाडीत उतरते.

काम झाल्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फुग्याने घाबरून जाऊ नये. पाण्याचे फुगे आणि धुरकटपणा वाळताना हळूहळू कमी होतो आणि थंड, दमट हवेत त्याला काही आठवडेही लागू शकतात. आकार न बदलणारा फुगा हवेचा असतो, तर मध्यभागी टोचल्यासारखा टणक ठिपका जाणवला तर खाली धूळ अडकलेली असते. ती वाळून जात नाही. काचेच्या कडेला छापलेल्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर दिसणारी पांढुरकी झाक मात्र बहुधा दोष नसतो, कारण ठिपक्यांच्या उंचवट्यांमुळे तेथे फिल्म काचेला पूर्णपणे टेकत नाही. वाळेपर्यंत सनरूफ उघडू नये, पण आतला पडदा मागे सारून ठेवावा, म्हणजे ओल कोंडत नाही. फिल्म काढण्याची वेळ आलीच, तर वाफेने गोंद मऊ करून ती एका कोपऱ्यापासून सावकाश ओढावी आणि उरलेला गोंद ब्लेडने खरवडण्याऐवजी मऊ कापडाने पुसून काढावा.