टेक्निशियनला बोलावण्याआधी घरच्या घरी काय तपासाल?

"कॉम्प्युटर चालत नाहीये, येऊन बघा." एवढंच सांगून वाशीहून कुणाला घोडबंदर रोडला बोलावलं, तर व्हिजिट चार्ज द्यावाच लागतो. आणि कित्येकदा निघते काय, तर सैल झालेली मॉनिटरची पिन. म्हणून आधी नेमकं काय अडलंय ते ठरवा. लाइट लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? कालपर्यंत ठीक होतं, तर मध्ये काय बदललं? नवा प्रिंटर, अपडेट, की रात्री पावसात लाइट गेले होते?

मग रीस्टार्ट. इथे बहुतेकांची गल्लत होते. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय बहुधा चालूच असते. त्यामुळे शट डाउन केलं तरी सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवला जातो आणि पुन्हा चालू करताना तोच उचलला जातो. जुना गोंधळही त्याच्याबरोबर परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून स्टार्ट मेनूतून 'रीस्टार्ट'च निवडा.

मशीन रेंगाळत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी आणि डिस्कच्या रकान्यांत कोण सगळ्यात वर आहे ते पाहा. स्टार्टअपच्या यादीत नको असलेली अॅप्स डिसेबल करा. ती डिलीट होत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर आधी नको असलेल्या फाइल्स काढून त्यात थोडी जागा करा.

नेट बंद? त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का बघा. चालत असेल तर अडचण कॉम्प्युटरची. नसेल तर राउटरचा प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावा.

स्क्रीनवर एरर आली की ओके दाबून घालवू नका. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून तिचा फोटो घ्या. स्क्रीनच अडकली असेल तर मोबाइलने काढा. एररमधला कोड जसाच्या तसा, सोबत मॉडेलचं नाव लिहून शोधा. "लॅपटॉप बिघडला" असं शोधून हाती काही लागत नाही.

शोधताना एक मात्र कटाक्षाने पाळा: मदतीचा नंबर जाहिरातीतून उचलू नका, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. "व्हायरस आलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा" अशी खिडकी उघडली तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अनोळखी माणसाला रिमोटने स्क्रीन देऊ नका. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच समजावून सांगा, कारण असे भामटे अनेकदा त्यांनाच गाठतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

बॅटरी फुगली, पाणी सांडलं किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तर स्वतः काही करत बसू नका. मशीन बंद करा, प्लग काढा आणि जाणकाराकडे न्या. दुरुस्तीला देताना अंदाजे खर्च लिहून घ्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. असा धोका नसेल आणि मशीन चालू होत असेल तर फोटो आणि कागदपत्रांची कॉपी आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब आकडा, हाताशी हवी, नाहीतर दुरुस्तीनंतर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता न येण्याची शक्यता असते.