सुबाथू, डगशाई, कसौली: फोरलँड बेसिनचं वय शोधायला येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकलेल्यांची नजर बेसाल्टवर तयार होते. लाव्ह्याचं वय त्याच्यातल्याच खनिजांतून काढता येतं. मी पीएचडीसाठी हिमाचलात गेलो तेव्हा समोर वाळूखडक होते आणि त्यांतला दाणा न् दाणा दुसरीकडून वाहून आलेला. या विषयात येणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे मनात पक्कं करावं: दाण्याचं वय म्हणजे थराचं वय नव्हे. थर त्याच्यातल्या सर्वांत तरुण दाण्याहून जुना असू शकत नाही, एवढंच दाणा सांगतो.

पर्वत वाढतो तसं त्याच्या भाराने शेजारचं शिलावरण, म्हणजे पृथ्वीचं कठीण बाहेरचं कवच, वाकतं आणि तो खोलगट भाग गाळाने भरत जातो. यालाच फोरलँड बेसिन म्हणतात. सुरुवातीचा गाळ पर्वताच्या पायथ्याशी पडतो, म्हणून पुढे सरकणारे थ्रस्टही (एक खडक दुसऱ्यावर ढकलणारे भ्रंश) आधी त्यालाच कवेत घेतात. त्यामुळे बेसिनच्या बालपणाचा पुरावा तुटलेला, वळ्या पडलेला मिळतो. नकाशा स्वतः केल्याशिवाय नमुना उचलू नका, असं मी आग्रहाने सांगतो.

कालका-शिमला पट्ट्यात हे छान दिसतं. थरांना तिथल्या गावांचीच नावं आहेत. खाली सुबाथूचे सागरी थर आहेत. त्यांत न्युम्युलाइट्स (नाण्यासारखे दिसणारे सागरी एकपेशीय जीवांचे जीवाश्म) सापडतात, म्हणून पॅलिओसीन कालखंडाच्या अखेरीपासून त्यानंतरच्या इओसीनच्या मध्यापर्यंतचं वय जीवाश्मांवरूनच ठरतं. वर डगशाईचे लाल थर, नद्यांनी आणलेले, जीवाश्मांच्या बाबतीत जवळजवळ कोरडे. वर्षानुवर्षं हे दोन्ही थर सलग मानले जात. मग डगशाईतल्या झिरकॉन या खनिजावर फिशन-ट्रॅक पद्धतीने (युरेनियमच्या विखंडनाने स्फटिकात पडलेले सूक्ष्म माग मोजून) काम झालं आणि सुमारे 31 दशलक्ष वर्षं वयाचे दाणे निघाले. म्हणजे डगशाई त्याहून जुना असू शकत नाही, आणि सुबाथू व डगशाई यांच्या मधला 1 कोटीहून अधिक वर्षांचा काळ तिथल्या खडकांत नोंदलेलाच नाही. त्याच्याही वरच्या कसौलीतल्या पांढऱ्या अभ्रकाची आरगॉन वयं (पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातून साठलेल्या आरगॉनवरून काढलेली) 22 दशलक्षांपर्यंत खाली येतात. सुबाथू आणि डगशाईमधली ती पोकळी मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बेसिनच्या बाहेरच्या कडेला वर उचललेला फुगवटा सरकत गेल्याने ती पडली का, यावर अजून वाद घालता येतो आणि तो घालण्यासाठी नवीन माणसं हवीत.

पद्धत निवडताना तापमान बघा. झिरकॉनमधले फिशन-ट्रॅक साधारण 240 अंश सेल्सियसच्या वर पुसले जातात. अभ्रक त्याहून बरंच जास्त सोसतं. थर खोल गाडला जाऊन तापला असेल, तर दाण्याचं वय निक्षेपणाहून तरुण दिसेल आणि सगळा निष्कर्ष उलटा होईल. म्हणून चिकणमातीतल्या इलाइट या खनिजावरून थर किती तापला होता ते आधी तपासा.

मग दाण्यांची संख्या. नमुन्यातला 5 टक्क्यांएवढा वयोगट निसटू नये याची 95 टक्के खात्री हवी, तर 117 दाणे मोजावे लागतात. एकट्या तरुण दाण्यावर भिस्त ठेवू नका, जवळच्या वयांचा गट शोधा. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे वेचताना मान दुखते, पण ते काम दुसऱ्यावर सोपवू नका. दाण्यांचा आकार आणि गोलाई बघता बघताच ते कुठून आले असतील याचा अंदाज यायला लागतो.

प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शकांना सरळ विचारा: मापन कोणत्या प्रयोगशाळेत होणार, यंत्राचा वेळ कोण मिळवून देणार, आणि पहिल्या वर्षी फील्डवर किती दिवस मिळतील.