डिकीत ॲम्प बसवताना या चुका टाळा: जागा रिकाम्या डिकीत ठरवू नका

ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बसवायला गाडी दुकानात उभी केली की डिकी रिकामी असते. कारागीर विचारतो, "कुठे लावू?" आणि आपण मोकळ्या दिसणाऱ्या जागेकडे बोट दाखवतो. पुढची बरीच दुखणी तिथेच सुरू होतात.

माझ्या स्विफ्टमध्ये पहिला ॲम्प वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) बॉक्सवरच स्क्रूने ठोकला होता. शहरात वर्षभर छान वाजला. गणपतीला पुण्याहून चिपळूणला निघालो आणि साताऱ्याच्या पुढे आवाज गेला. चहाला थांबलो, परत आला. कराड सोडलं, पुन्हा गेला. कुंभार्ली घाट तर मुकाट्याने उतरलो. ॲम्प उडाला असंच वाटलं, आणि दुकानात विचारलं तर नवा घ्या म्हणाले. पण गावी डिकी रिकामी करून संध्याकाळी चालू केला, तर दोन तास न थांबता वाजला. दोष ॲम्पचा नव्हता. वाटभर त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांवर दोन बॅगा आणि गोधड्यांचं बोचकं दाबून बसलं होतं.

क्लास एबी प्रकारचा ॲम्प मोठ्या आवाजात ओढलेल्या विजेतला साधारण निम्मा भाग उष्णतेत घालवतो. क्लास डी प्रकारात हेच प्रमाण दहा-वीस टक्क्यांवर येतं, म्हणून लहानशा जागेसाठी मी क्लास डीच सुचवतो. पण तापतो तोही. ॲम्पच्या अंगावरचे ॲल्युमिनियमचे पंख हीच उष्णता हवेत सोडतात. हवा मिळाली नाही की आतलं संरक्षक सर्किट ॲम्प बंद करतं आणि निवल्यावर चालू करतं. त्यामुळे चारही बाजूंनी निदान ५ सें.मी. मोकळी जागा हवी. उभा बसवायचा असेल तर पंखांच्या खाचा वर-खाली याव्यात, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या पत्र्याला ॲम्प उलटा टांगायची पद्धत आहे. सामान त्यावर आदळत नाही हे खरं, पण पंख खाली आणि सर्किट वर आल्यामुळे उष्णता आतच साठते. गालिच्याखाली लपवणं त्याहून वाईट.

वूफरच्या बॉक्सवर ॲम्प लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दिसायला सुटसुटीत, तारही कमी लागते. पण बॉक्सची फळी प्रत्येक ठेक्याला थरथरते, आणि ती थरथर महिनोन्‌महिने ॲम्पच्या आतल्या सोल्डरच्या जोडांना बसते. टर्मिनलचे स्क्रू सैल होतात. खड्ड्यात आवाज तुटत असेल तर आधी हेच तपासा. शिवाय स्क्रू आरपार गेला तर बंद बॉक्समधून हवा गळते आणि बेस पोकळ वाटायला लागतो.

आता ड्रिलबद्दल, आणि हे नीट वाचा. डिकीच्या तळाचा पत्रा म्हणजे भिंत नव्हे. त्याखाली किंवा त्याच्या आसपास पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकचे पाइप, वायरिंग असं काहीही असू शकतं. ज्या बाजूला पेट्रोल भरायचं झाकण आहे, त्या बाजूच्या अस्तरामागून टाकीकडे जाणारी नळी उतरते. कडेच्या खोबणीत ॲम्प लपवताना हे कुणी सांगत नाही. सीएनजी गाडीत आणखी काळजी हवी. सिलिंडरच्या ब्रॅकेटला किंवा पट्ट्याला ॲम्प कधीच अडकवू नका, व्हॉल्व्हपाशी तार नेऊ नका. २०२३ मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझच्या सीएनजी आवृत्तीत तर दोन सिलिंडर डिकीच्या तळाखालीच आहेत, त्यामुळे वरून तळ सपाट, मोकळा दिसतो. अशा तळाला भोक पाडायचा विचारही नको. कुठल्याही गाडीत भोक पाडण्याआधी खाली वाकून पाहा, बिटला टेप गुंडाळून खोली ठरवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. भोकाच्या कडेला प्राइमर लावा, नाहीतर कोकणच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

पावसाचं निघालं म्हणून सांगतो: डिकीत पाणी येतं. दरवाजाच्या रबरातून, मागच्या दिव्याच्या पॅकिंगमधून, ओल्या छत्र्यांमधून. ते जाऊन साचतं स्टेपनीच्या खळग्यात. म्हणून तिथे ॲम्प नको. शिवाय रात्री पंक्चर झालं तर आधी ॲम्प सोडवायचा आणि मग स्टेपनी काढायची, ही वेळ कुणावर येऊ नये.

मग लावायचा कुठे? बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये मला मागच्या सीटच्या पाठीची जागा सगळ्यात बरी वाटते. हवा मिळते, पाणी पोचत नाही, गेनचे (सिग्नलची पातळी जुळवायचे) स्क्रू हाताशी राहतात. सरळ पत्र्याला मात्र लावू नका. आधी १२ मि.मी. प्लायवूडची फळी कापडाने मढवून लहान स्क्रूंनी बसवा. लांब स्क्रू फोममधून बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचू शकतात. ॲम्प त्या फळीवर लावा. फळीमुळे ॲम्पची बॉडी गाडीच्या पत्र्यापासून वेगळी राहते, त्यामुळे स्पीकर गुणगुणण्याचं एक कारण कमी होतं. सीट दोन भागांत पडत असेल तर जो भाग कमी वेळा पाडता त्यावर लावा, आणि तारांना इतकी ढील द्या की सीट पाडल्यावर त्या ताणल्या किंवा चेपल्या जाणार नाहीत. सेडानवाल्यांनी डिकीचं झाकण हळूहळू बंद करून बिजागरीचा वाकडा दांडा आत कुठवर येतो ते बघावं. तो ॲम्पवर आदळलेला मी पाहिला आहे.

जागेवरूनच अर्थिंगही, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला कुठे जोडायची तेही, ठरतं. अर्थची तार पॉझिटिव्हइतकीच जाड, आणि अर्ध्या मीटरच्या आत पत्र्याला पोचणारी हवी. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा. सीटबेल्टचा बोल्ट आयता सापडतो, पण त्याला हात लावू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे. फ्यूज बॅटरीपासून ४५ सें.मी.च्या आत असावा. पॉवरची तार गाडीच्या एका कडेने आणि आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल आणणारी केबल) दुसऱ्या कडेने न्या.

त्रास सुरू झाला असेल तर नवा ॲम्प घेण्याआधी खुणा ओळखा. अर्ध्या-पाऊण तासाने बंद आणि थोड्या वेळाने आपोआप चालू: उष्णता. फक्त जोरदार ठेक्यालाच बंद: तार बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि ॲम्पच्या टर्मिनलवर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. मोठ्या आवाजात दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष तारेत किंवा जोडणीत आहे. ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी आली तर आधी अर्थ पाहा, मग आरसीएची वाट. चालू करताक्षणी प्रोटेक्शनचा लाल दिवा लागला तर स्पीकरची एखादी तार पत्र्याला चिकटली आहे का ते बघा.

आणि जागा ठरवायची माझी रीत. ॲम्पच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, त्यात तारांसाठी आणि हवेसाठी जागा धरायची, आणि टेपने डिकीत चिकटवून आठ दिवस गाडी नेहमीसारखी वापरायची. बाजारहाट, पाण्याचे कॅन, सीट पाडून नेलेली सायकल, सगळं त्या पुठ्ठ्यासकट. माझा पुठ्ठा दोनदा हलला. एकदा सीट पाडताना तार चेपेल असं दिसलं, एकदा जॅक काढताना हात अडला. तिसऱ्या जागी तो आठ दिवस टिकला, तेव्हा नवव्या दिवशी तिथे फळी बसवली.